दोन संत्र्यांएवढा फोन

मोबाइलच्या दुकानात लोक पैसे घेऊन येतात, जुना फोन घेऊन येतात, फुटलेली काच घेऊन येतात. प्रेमिला नवऱ्याचा शर्ट घेऊन आली होती. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या लहानशा दुकानात तिने पिशवीतून तो बाहेर काढला, झटकला आणि खिसा वर येईल असा काउंटरवर नीट पसरून ठेवला. शर्ट स्वच्छ धुतलेला होता, पण फवारणीचे डाग काही धुण्याने जात नाहीत.

दुकान चालवणारा स्वानंद तरुण होता. त्याने शर्टाकडे पाहिलं, मग प्रेमिलाकडे. "काकू, टेलर बाजूच्या गाळ्यात आहे."

"टेलर नाही पाहिजे बाप्पा. या खिशात पूर्ण मावन असा फोन पाहिजे. आणि स्वस्त पाहिजे."

तिचा नवरा शालिकराम दाराशी उभा राहून भिंतीवरच्या जाहिराती इतक्या मन लावून वाचत होता, की ही बाई आपल्यासोबत आलेली नाही असंच कोणालाही वाटावं. बसमध्ये त्याने दोनदा सांगून पाहिलं होतं की शर्ट नेऊ नको, लोक हसतात. प्रेमिलाने ते ऐकून घेतलं होतं आणि शर्टाची घडी पिशवीत आणखी खाली सरकवली होती.

शर्टाचं कारण साधं होतं. नरखेडकडच्या बगीच्यांत संत्रा तोडायला बाया शिडीवर चढतात, तेव्हा लुगड्यावरून घरच्या माणसाचा जुना शर्ट चढवतात. काट्यांनी हात ओरबाडत नाहीत, ऊन लागत नाही, आणि मुख्य म्हणजे शर्टाला खिसा असतो. बाईच्या कपड्याला खिसा ठेवायचं ज्यांना आजवर सुचलं नाही, त्यांना काय म्हणावं ते प्रेमिलाच्या मनात तयार होतं, पण ते दुकानात बोलण्यासारखं नव्हतं. तर त्या खिशात फोन. आणि हल्लीचा फोन खिशात जातो कुठे? अर्धा आत, अर्धा बाहेर डोकावत. वाकलं की खाली. तिचा एक फोन फवारणीच्या ड्रममध्ये पडला, दुसरा विहिरीत गेला. विहिरीतला तर पडताना वाजतही होता.

स्वानंदने काचेतून एक फोन काढला. "हा पाहा. स्क्रीन पाहा ना काकू, पिच्चर पाहायले एकदम मस्त."

"पिच्चर पाहायले घरी टीव्ही आहे." प्रेमिलाने फोन घेतला, शर्टाच्या खिशात घातला, शर्ट खांद्याला धरून उचलला आणि बाई वाकते तसा वाकवला. फोन सर्रकन बाहेर आला. स्वानंदने तो हवेत झेलला, पण चेहरा पांढरा पडला.

दुसऱ्या फोनला तो आधीच ओंजळ धरून उभा राहिला. तिसराही त्या ओंजळीतच आला. "काकू, लहान फोन आता येतच नाहीत. कोणी मागत नाही ना. डिमांड नाही."

"मले पण लहानच पाहिजे होता," रिचार्जसाठी थांबलेली एक नर्स म्हणाली. "ड्युटीवर ॲप्रनच्या खिशातून पडून राहिला सारखा."

"माह्या एका हातात मावत नाही गा," बाकावर बसलेला ऑटोवाला म्हणाला. "एका हाताने लावतो, तं अंगठाच पोहोचत नाही."

"तेच सांगून राहिलो ना," स्वानंद म्हणाला, "लहान कोणी मागतच नाही." मागणारे तिघं त्याच्यासमोरच होते, पण कंपनीच्या माणसाने त्याला मागणी नाही असं सांगून ठेवलं होतं, आणि हा पोरगा आपल्या डोळ्यांपेक्षा कंपनीच्या माणसाला जास्त मानत होता. तरी एक गोष्ट खरी की तो कामचुकार नव्हता. खाली बसून त्याने सगळ्यात खालचा खण उपसला आणि धूळ बसलेला एक डबा वर काढला. मॉडेल जुनं, पण फोन कोरा. लहानसा, जाडसर, किंमत अर्ध्याहून कमी.

प्रेमिलाने तो तळहातावर घेतला. तिचे हात लहान होते. बांगड्या भरणारी कासारीण दरवेळी तिला पोरींच्या मापाच्या काढून द्यायची. आजवर फोन म्हटला की एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने टोचायचा, अशीच तिला सवय. या फोनवर तिचा अंगठा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सहज फिरला. तिने तो खिशात टाकला. खिसा मिटला. शर्ट वाकवला, उलटा केला, वरून दोन झटके दिले. काहीच पडलं नाही.

"हा द्या," ती म्हणाली. दारातून शालिकराम आता निर्धास्तपणे आत आला.

*

फोन खिशासाठी हवा होता हे खरं, पण या वर्षी तो हवाच होता त्याला दुसरंही कारण होतं. या वर्षीचा बहार, म्हणजे झाडांवरचं सगळं फळ, प्रेमिला विकणार होती.

आजवर हे काम तिच्या सासऱ्यांचं, नानाजींचं. बगीचा त्यांनीच लावलेला. लग्न झालं त्या साली खड्डे खोदले आणि शालिकराम रांगायला लागला तोवर झाडं कमरेला आली. फळ असं की व्यापारी दुसऱ्यांचे बगीचे सोडून आधी यांच्या धुऱ्या-बांधावर येऊन बसायचे. पण मागची चार-पाच वर्षं काहीतरी बिनसलं होतं. दर हंगामात व्यापाऱ्याचं एकच गाणं: नानाजी, फळ बारीक झालं. भाव पडत गेला. नानाजींनी शेणखत टाकलं, तलावातला गाळ आणून टाकला, कृषी विद्यापीठाचे साहेब आणून झाडं दाखवली. साहेब म्हणाले, झाडं ठणठणीत आहेत. व्यापारी म्हणाला, फळ बारीकच आहे. नानाजींनी व्यापाऱ्याचं खरं मानलं, कारण पैसे तो देत होता. हळूहळू त्यांनी बगीच्यात जाणंच सोडलं. सकाळी ओसरीवर बसायचे, बगीच्याच्या बाजूला पाठ करून.

दसरा झाल्यावर एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "झाडं म्हातारी झाली. काढून टाकू. नागपूरले लकडगंजात आरा गिरणीवाल्याशी बोलणं झालं माह्यं, तो माणसं पाठवतो म्हणते."

शालिकरामने भाजी वाढून घेतली. बापापुढे बोलायची त्याला सवय नव्हती. प्रेमिला म्हणाली, "नानाजी, एक बहार मले विकू द्या."

"तू काय वेगळं करशीन वं?"

"मले नाही मालूम. पण करून पाहू द्या."

नानाजींनी पाण्याचा गडू संपवला. "एक बहार देतो. भाव आणला तं झाडं राहतीन. नाही आणला तं मंग माह्या मधात बोलायचं नाही."

तिला एवढंच पाहिजे होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा दिवस त्या झाडांखालीच गेला होता. झाडं म्हातारी झाली असं तिच्या हातांना कधी वाटलं नव्हतं. पण हातांना वाटतं ते ओसरीवर बोलून दाखवायची सोय नसते.

आता या भागात संत्रा विकायची एक रीत आहे. पूर्वी व्यापारी गावोगाव फिरायचे. आता नागपुरात बसल्या बसल्या फोटो मागवतात. फोटो कसाही काढून चालत नाही. जमिनीवर फोन आडवा ठेवायचा, त्याच्यावर एका रांगेत फळं ठेवायची आणि दुसऱ्या फोनने फोटो काढायचा. दोन फळांत खालचा फोन झाकला गेला तर माल एक नंबर, त्याला म्हणायचं जोडीचा माल. फोन बाहेर डोकावला आणि तिसरं फळ लागलं, तर दोन नंबर. ही रीत कोणी पाडली ते कोणाला ठाऊक नाही, पण नरखेडपासून नागपूरपर्यंत ती सगळ्यांना मान्य आहे.

प्रेमिलाने तसंच केलं. बांधावर स्वच्छ जागा पाहून आपला नवा फोन आडवा ठेवला, वर झाडाचीच दोन फळं ठेवली. ना फार मोठी निवडली, ना फार लहान. शालिकरामने त्याच्या मोठ्या फोनने फोटो काढला. दोन फळांत फोन झाकला गेला होता. प्रेमिलाला आनंद झाला. शालिकरामलाही झाला. नानाजींच्या वेळी फोटो तोच काढायचा, आणि मागची काही वर्षं खालचा फोन दरवेळी बोटभर बाहेर राहायचा. "यंदा फळानं अंग धरलं म्हणायचं," तो म्हणाला, आणि लकडगंजच्या भैय्याजींना फोटो पाठवून दिला.

भैय्याजी म्हणजे या भागातले मोठे संत्रा व्यापारी. एरवी तीन दिवस उत्तर न देणाऱ्या या माणसाचा पाचव्या मिनिटाला फोन आला. "ताई, हा माल कुठं लपवून ठेवला होता? दुसऱ्या कोणाले दाखवू नका. नमुना घेऊन उद्या या, सौदा करून टाकू."

नानाजींनी फोटो पाहिला नाही. पाहायला चष्मा शोधावा लागतो म्हणाले. पण सकाळी ते धोतर नेसून, अंगात बंडी चढवून तयार होते. "मी बी येतो. तसंही मले लकडगंजात काम आहे."

कोणतं काम, हे तिघांनाही माहीत होतं. भैय्याजींच्या पेढीपासून आरा गिरणी चार दुकानं पलीकडे होती.

*

शालिकरामला पाण्याची पाळी होती, म्हणून बसने दोघंच गेली, सासरा आणि सून. मांडीवर नमुन्याची पिशवी घेऊन प्रेमिला खिडकीशी बसली. नानाजींच्या गळ्यात जावयाने दिलेला मोठा फोन दोरीला लटकत होता. कुठे जायचं असलं की ते तो घालायचे, दागिना घालावा तसा.  काटोलला नानाजींनी तिला चहा पाजला. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि त्यानेच तिला धीर येण्याऐवजी धास्ती वाटली.

भैय्याजींची पेढी म्हणजे पुढे टेबल, मागे गादी आणि भिंतभर एक फ्लेक्स. फ्लेक्सवर दोन संत्री, प्रत्येक घागरीएवढी छापलेली, आणि वर अक्षरं: नरखेडचा खास जोडीचा माल. भैय्याजींनी तंबाखूचा खर्रा गालात सारला, उठून नमस्कार केला, चहा सांगितला. "या नानाजी. सूनबाईने यंदा कमाल केली."

प्रेमिलाने पिशवी पुढे केली. भैय्याजींनी हाताला लागतील ती दोन फळं काढली, टेबलावर आपला फोन आडवा ठेवला आणि त्यावर फळं मांडली.

फोन बाहेर राहिला. चांगला बोटभर.

त्यांनी फळं बदलली. मग पुन्हा बदलली. मग पिशवीच टेबलावर ओतली आणि त्यातली मोठी मोठी वेचून पाहिली. फोन काही केल्या झाकेना. चहा आला, तो तसाच राहिला.

"ताई, फोटोतला माल कुठं आहे?"

"हाच आहे जी."

"मले काहून उल्लू बनवून राहिल्या? फोटोत दोघांत फोन झाकला होता. मी काय आज धंद्यात आलो?"

"झाकलाच होता," प्रेमिला म्हणाली. तिने पिशवीच्या कप्प्यातून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. "हा होता खाली."

भैय्याजींनी तो दोन बोटांत उचलला. आधी हसले, मग हसू गेलं. "अच्छा. असं आहे तं. फळ मोठं दिसावं म्हणून बारका फोन आणला काय?"

प्रेमिलाचे कान तापले. तिच्या मनात असलं काही आलंच नव्हतं. फोन म्हणजे फोन. तो लहान असला तर फळ मोठं दिसेल, हे घरात तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. पण आता सुचल्यावर तिला स्वतःच्याच अकलेची लाज वाटली. खिसा मोजला, अंगठा मोजला, शर्ट उलटा करून झटकून पाहिला, आणि ज्या मापावर सगळा सौदा अवलंबून, तेच बदललं हे तिच्या लक्षात आलं नाही. "मी तोडाईसाठी घेतला जी," ती म्हणाली. "खिशात राहते म्हणून." हे तिला स्वतःलाच खोटं वाटावं इतकं लटकं निघालं.

नानाजी उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते. "चाल, सूनबाई. तुह्या हातून जेवढं झालं तेवढं तू केलं. मले आता आऱ्यावर जाऊ दे."

"नानाजी, तुमचा दोष नाही," भैय्याजी नरमले. माणूस तसा वाईट नव्हता. फसवलं गेल्याचा राग जाऊन त्यांना म्हाताऱ्याची कणव आली होती. त्यांनी मागच्या फ्लेक्सकडे बोट केलं. "हे फळ कोणाचं आहे? तुमचंच ना? मीच छापून घेतलं होतं. असा माल मी पुन्हा पाहिला नाही. पण झाडाचं बी वय होते."

नानाजींनी फ्लेक्सकडे पाहिलं आणि मान खाली घातली. प्रेमिलानेही पाहिलं. आधी फळांकडे पाहिलं. खरंच काय फळ होतं ते. मग तिची नजर फळांच्या खाली गेली. गोल फळांच्या कडेने खालच्या फोनचा एक कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्याला लाल पट्टी गुंडाळलेली होती. विहिरीवरच्या मोटरच्या वायरीला लावतात ती चिकटपट्टी.

ती पट्टी तिने रोज पाहिली होती.

घरात सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. गळ्यातला मोठा फोन नानाजी लग्नकार्याला आणि संत्र्यांच्या फोटोत खाली ठेवायला वापरायचे. पण बंडीच्या आतल्या खिशात त्यांचा जुना, पहिला फोन असायचा. पहाटेचा गजर त्याच्यावर, भजनं त्याच्यावर, अंधारात उजेड त्याचाच. मोठा फोन त्या आतल्या खिशात मावतच नव्हता. जावयाला वाईट वाटेल म्हणून ते जुना चारचौघांत बाहेर काढत नसत.

"नानाजी," प्रेमिला म्हणाली, "आतला फोन काढा."

नानाजींचा हात आपसूक छातीवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे.  त्यांना काय उमगलं ते प्रेमिलाला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं. हा फोन बाहेर निघाला आणि तिच्या मनात होतं ते खरं ठरलं, तर मागच्या इतक्या वर्षांचे सगळे सौदे, जे त्यांनी स्वतः मिशीला पीळ देऊन केले होते, ते आंधळ्यासारखे केले असं ठरत होतं. तेही सुनेसमोर आणि व्यापाऱ्यासमोर. कोणता फोन वं, एवढं म्हणून ते निघून जाऊ शकत होते. आऱ्यावाला चार दुकानं पलीकडेच होता. प्रेमिलाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला भाग पाडायचं तिच्या जिवावर आलं.

नानाजी खाली बसले. बंडीचं बटण काढलं, आत हात घातला आणि लाल पट्टीचा फोन टेबलावर ठेवला. मग फळंही त्यांनीच उचलली. निवडली नाहीत, समोर होती ती दोन घेतली आणि फोनवर मांडली.

फोन झाकला गेला. कडेने फक्त लाल कोपरा दिसत होता, भिंतीवर दिसत होता तेवढाच.

भैय्याजींनी फळं काढून आपल्या फोनवर ठेवली. मग प्रेमिलाच्या फोनवर. मग पुन्हा नानाजींच्या. तिन्ही फोन शेजारी शेजारी लावून त्यांच्यावर हात फिरवला. प्रेमिलाचा आणि नानाजींचा सारख्याला सारखा होता. त्यांचा स्वतःचा दोन बोटं पुढे आलेला होता. खर्रा चघळायचं ते विसरले.

"बाप रे," ते म्हणाले. "फोन वाढला."

"आमचं फळ लहान नाही झालं जी," प्रेमिला म्हणाली. "फोन मोठे होऊन राहिले, आणि भाव आमचा पडून राहिला."

भैय्याजींनी तिन्ही फोन पुन्हा एकदा जोडून पाहिले. ते लबाड नव्हते, हेच त्यांना जड जात होतं. लबाड असते तर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. नरखेडचा माल उतरला असं ते इतकी वर्षं मनापासून मानत आले होते आणि चारचौघांत हळहळत होते. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग दारातून बाहेर कोणी ऐकत तर नाही ना ते पाहिलं. "ताई, हे गावात नका सांगू जी."

"आधी आमचं बोला," प्रेमिला म्हणाली.

नानाजींचं या कशाकडे लक्षच नव्हतं. ते त्या दोन फळांवर हात ठेवून बसले होते. "मी झाडांले बोल लावला," ते म्हणाले. "म्हातारी झाली म्हटलं. पाठ करून बसत होतो गा मी त्यायच्याकडे."  प्रेमिलाला रडू आलं आणि तिने ते पदराने सरळ पुसलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सौदा जोडीच्या मालाचा झाला. भैय्याजींनी सवयीने थोडं खेचून पाहिलं. प्रेमिला दरवेळी भिंतीवरच्या फ्लेक्सकडे पाहायची आणि ते पुढे सरकायचे. इसाराची नोट त्यांनी रिवाजाप्रमाणे नानाजींच्या हातात द्यायला काढली. नानाजींनी हात मागे घेतला. "सौदा तिनं केला, तिलेच द्या."

गार झालेला चहा बदलून आला. तो पिऊन दोघं बाहेर पडली.

आरा गिरणीच्या दारात भुशाचा ढीग होता आणि आऱ्यावाला खुर्ची टाकून बसला होता. नानाजींना पाहून त्याने हात वर केला. "या नानाजी. कवा पाठवू माणसं?"

प्रेमिला दोन पावलं मागे राहिली. नानाजी थांबले, पण आत वळले नाहीत. "कायले?" ते म्हणाले. "झाडं फळं देऊन राहिली ना." आणि पुढे चालू लागले, तिच्यासाठी न थांबता, भरभर, बस चुकेल म्हणून.

*

गावात प्रेमिलाने फार नाही सांगितलं, शेजारणीला सांगितलं. तेवढं पुरलं.

पंधरवड्याने भर तोडाईत तिच्या खिशातला फोन वाजला. ती शिडीवर होती. एका हाताने फांदी धरलेली, दुसऱ्या हाताने तिने फोन काढला आणि अंगठ्याने उचलला.

"काकू, तुम्ही गावाकडे काय सांगितलं?" स्वानंद होता. "माह्या दुकानात माणसं शर्ट घेऊन येऊन राहिली. आणि सोबत दोन-दोन संत्रे. फोनवर मांडून पाहतात आणि म्हणतात हा मोठा आहे, लहान दाखव. खालचा खण रिकामा झाला. कंपनीच्या माणसाले फोन केला, तर तो म्हणते लहान फोनले डिमांड नाही."

"मंग त्याले दुकानात बसव ना एक दिवस," प्रेमिला म्हणाली.

"भैय्याजी नावाचे कोणी येऊन गेले. त्यायले सगळ्यात मोठा पाहिजे होता."

प्रेमिला शिडीवर एकटीच हसली. फोन तिने परत खिशात सोडला, तो तळापर्यंत गेला.

खाली नानाजी क्रेट भरत होते. सकाळी सगळ्यांच्या आधी तेच बगीच्यात आले होते, आणि काट्यांसाठी म्हणून शालिकरामचा एक जुना शर्ट मागून घेऊन त्यांनी बंडीवर चढवला होता. मोठा फोन घरी खुंटीवर होता. शर्टाच्या खिशातून भजन चालू होतं. पडलेलं एक फळ उचलायला ते पार जमिनीपर्यंत वाकले. प्रेमिलाने वरून त्यांच्या खिशाकडे पाहिलं. पण भजन खिशातच चालू राहिलं. नानाजींनी फळ उचललं, शर्टाला पुसलं, आणि झाडाच्या बुंध्याला एक थाप मारून क्रेटमध्ये ठेवलं.